घोटकाकांचं नाक

बिअरच्या कारखान्यात चव घ्यायचं काम करणारा माणूस म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर लालबुंद गालांचा, सुटलेल्या पोटाचा, सदा झिंगलेला कुणीतरी येतो. घोटकाका तसे अजिबात नव्हते. उंच, काटकुळे, मानेत किंचित वाकलेले, वरच्या ओठावर दाट मिशी, आणि बोलणं इतकं हळू की समोरच्याला आपोआप पुढे झुकावं लागे. त्यांना झोकांड्या खाताना कुणी पाहिलं नव्हतं. दिवसभरात त्यांच्या पोटात जे काही जाई ते सगळं एकत्र केलं तरी एक ग्लास धड भरला नसता. मात्र एक घोट घेतला की तो तोंडात फिरवत, डोळे मिटून, ते इतका वेळ बसून राहत की नव्या माणसाला वाटे यांना झोप लागली. त्यावरून कारखान्यात कुणीतरी त्यांना घोटकाका म्हटलं आणि ते नाव असं चिकटलं की खरं नाव विचारलं तर त्यांना स्वतःलाच क्षणभर थांबावं लागे.

त्यांची खोली वरच्या मजल्यावर, मागच्या अंगाला होती. पांढऱ्या भिंती, पांढरं टेबल, एक बेसिन, आणि एक मोठी खिडकी जिच्यातून थेट ऊन कधी येत नसे, नुसता उजेड येई. त्या खोलीत फुलं ठेवायची नाहीत, अत्तर लावून यायचं नाही, सिगरेट ओढून तर दारातसुद्धा उभं राहायचं नाही. काका दाढीलासुद्धा बिनवासाचा साबण वापरत. ग्लास गरम पाण्याने, मग गार पाण्याने विसळून पालथा घालायचा, त्याला फडका लावायचा नाही. तो तिसरा हिस्साच भरायचा. आधी उजेडाकडे धरून रंग बघायचा, फेस काचेला किती धरून राहतो ते बघायचं. मग तळहाताने ग्लासाचं तोंड झाकून तो हलकेच फिरवायचा, हात काढायचा, आणि कुत्रं कोपरा हुंगतं तसं दोनचारदा छोटं छोटं हुंगायचं. घोट त्यानंतर. आणि तो गिळायचा, थुंकायचा नाही. "कडूपणा घशाच्या दारात बसलेला असतो," काका सांगत. "थुंकलात तर त्याची भेटच होत नाही."

ही सगळी विद्या त्यांना थोरल्या मास्तरांनी दिली. काका तरुण असताना कारखान्यात जव उलटायला लागले. भिजवून मोड आणलेले जव लांबच लांब फरशीवर पसरलेले असत आणि लाकडी फावड्याने ते सतत खालीवर करत राहायचं, नाहीतर ते आतल्या आत तापून सडत. एका सकाळी काका फावडं थांबवून नुसतंच म्हणाले, "आज वाफेला कच्च्या सफरचंदाचा वास येतोय." मागून थोरले मास्तर चालले होते. ते थबकले, आंबवायच्या टाकीपाशी गेले, खोट खरीच आहे असं बघून परत आले आणि काकांचा कान धरून त्यांना वरच्या खोलीत घेऊन गेले. "नाक आहे तुझ्याकडे," ते म्हणाले. "आता जीभ आवर, म्हणजे झालं."

थोरल्या मास्तरांच्या हातची सगळ्यात नावाजलेली गोष्ट म्हणजे तांबूस एल. एल म्हणजे बिअरच, पण जरा उबेत आंबवलेली, भरल्या अंगाची. बाहेरचे लोक तिला अंबर म्हणत, कारखान्यात ती नुसती 'तांबूस'. ओतली की जुन्या मधाचा रंग यायचा, आणि पहिल्या घोटाला भाजलेल्या पावाच्या कडेची चव. मागून साखर जळता जळता राहिल्यासारखी गोडी, शेवटी संत्र्याच्या सालीचा कडवटपणा, आणि तोही असा की पाहुणा दार ओढून घेताना आवाज होऊ नये म्हणून काळजी घेतो तसा. मास्तर गेले आणि तांबूसही त्यांच्याबरोबर गेली. मागे कारखान्यात एकच पिवळी, हलकी बिअर राहिली. ती खपत होती, तिच्यात वाईट काही नव्हतं. काका ती रोज चाखत आणि रोज 'ठीक' म्हणत. लग्न एकाशी व्हावं आणि संसार शेजाऱ्याशी करावा, तसं काहीसं त्यांचं चाललं होतं.

घरी काकू रफूचं काम करत. घराची रस्त्याकडची खोली त्यांची. खिडकीखाली टेबल, टेबलावर खाली वाकणारा दिवा, पत्र्याच्या डब्यांत सगळ्या रंगांचे दोरे, आणि खुंट्यांवर लोकांचे कोट, स्वेटर, शाली. कसर लागलेली, सिगरेटने जळलेली, खिळ्याला अडकून फाटलेली. कपडा हातात आला की काकू आधी त्याला नाक लावत. "ओल असली तर दोरा बसत नाही, आणि चटका बसलेला असला तर धागा तुटतो," त्या म्हणत. त्याशिवाय कपड्याचा मालक घरी काय करतो, कुणावर रागावतो, कपाटात काय ठेवतो, हेसुद्धा त्यांना कळायचं; पण ते त्या काकांशिवाय कुणाला सांगत नसत. बिअर मात्र त्यांनी आयुष्यात ओठाला लावली नव्हती. कडू त्यांना आवडतच नसे. "मला वेगळी कशाला प्यायला हवी," त्या म्हणायच्या. "यांच्या मिशीतून रोज घरी येतेच की."

मग थोरल्या मास्तरांची नात परत आली. ती बरीच वर्षं दूर राहून हेच काम शिकली होती. आल्या आल्या तिने भट्टीचा ताबा घेतला आणि माणसांनी तिचं नाव 'धाकटी मास्तर', म्हणजे नुसती 'धाकटी', असं ठेवलं. बाह्या दुमडलेल्या, केस फडक्यात बांधलेले, बोलणं फटकळ, पण टाक्या स्वतःच्या हाताने घासणारी. एका दुपारी ती वरच्या खोलीत आली आणि टेबलाच्या कडेवर बसली. इतर कुणी बसलं असतं तर काकांनी उठवलं असतं.

"काका, मला आजोबांची तांबूस पुन्हा करायची आहे."

काकांनी हातातला ग्लास खाली ठेवला.

"जव कुठले, कडूपणाला हॉप्स कुठले, ते मिळेल," ती म्हणाली. "पण ती लागायची कशी, हे माहीत असलेला माणूस एकच उरलाय."

काका मान हलवून हो म्हणाले. त्या संध्याकाळी घरी जाताना त्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते.

आणि नेमकं तेव्हाच त्यांना पडसं झालं. साधंच. चार शिंका, थोडा ताप, डोकं जड. पडसं गेलं, डोकं हलकं झालं, भूकही लागली. एका सकाळी काका उठले, चहाचा कप तोंडाशी नेला आणि थांबले. वाफ मिशीला लागत होती. कप गरम होता. पण चहा तिथे नव्हता.

त्यांनी साबण हुंगला. तेलाची बाटली, चपला, काड्यापेटी हुंगली. रस्त्यावर बेकरीच्या दारात जाऊन उभे राहिले. आतून पावाचे ट्रे बाहेर येत होते, बायका पिशव्या उघडून उभ्या होत्या, आणि काकांना वाटलं आपण हे सगळं काचेपलीकडून बघतोय. जग होतं तिथेच होतं. फक्त त्याने काकांशी बोलणं टाकलं होतं.

डॉक्टरांनी नाकात दिवा घालून बघितलं. "आत काही बिघडलेलं दिसत नाही," ते म्हणाले. "कधीकधी पडशानंतर होतं असं. येईल परत."

"कधी?"

"ते नाही सांगता येत. काहींचं येतं, काहींचं अर्धंमुर्धं येतं."

तिसरी शक्यता डॉक्टरांनी बोलून दाखवली नाही आणि काकांनीही विचारली नाही.

त्यांनी ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही. ज्यांनी आयुष्यभर नाकावर माशी बसू दिली नाही, त्यांना आता कुठल्या तोंडाने सांगायचं की नाकच बसलंय? जीभ शाबूत होती. गोड, आंबट, कडू एवढं तिला कळत होतं. डोळ्यांना रंग कळत होता, फेस कळत होता. तेवढ्यावर काका दिवस ढकलत होते आणि 'ठीक' म्हणत होते. रात्री मात्र गंमत व्हायची. स्वप्नात सगळे वास परत यायचे. मोड आलेल्या जवांचा काकडीसारखा गार वास, ओल्या गोणपाटाचा, आईच्या ओच्याचा, पहिल्यांदा हातात धरलेल्या हॉप्सच्या कळ्यांचा. ते एकेकाला नाव घेऊन हाक मारत आणि तो येऊन उभा राही. सकाळी डोळे उघडले की खोली पुन्हा कोरी.

काकूंना कळलं ते दुधामुळे. काका स्वयंपाकघरात टेबलाशी पेपर वाचत बसले होते, दूध गॅसवर होतं, काकू बाहेरच्या खोलीत सुईत दोरा ओवत होत्या. दूध वर आलं, उतू गेलं, जळलं, भांडं काळं पडलं, जळका वास दारातून बाहेरच्या खोलीत शिरला. काकू धावत आत आल्या तर काका पेपरचं पान उलटत होते.

काकूंनी गॅस बंद केला, खिडकी उघडली, भांडं पाण्यात टाकलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी एक स्वेटर काकांच्या नाकासमोर धरला.

"कसला वास येतोय बघा बरं याला."

काकांनी नाक पुढे केलं. "साबणाचा."

"हा गॅरेजमधल्या माणसाचा आहे. पेट्रोलने नुसता भपकतोय." काकूंनी स्वेटर खाली घेतला आणि त्यांच्या शेजारी बसल्या. "अहो, कधीपासून?"

काकांनी सांगितलं. एकदा बोलायला लागल्यावर सगळंच सांगितलं, तांबूसचंसुद्धा. काकू ऐकत होत्या आणि स्वेटरची सुटलेली वीण बोटाने चाचपत होत्या.

"धाकटीने पहिली तांबूस काढलीय," काका शेवटी म्हणाले. "आज चाखायला दिली. मी म्हटलं, घरी शांतपणे घेतो, उद्या सांगतो."

"आणि उद्या काय सांगणार?"

काकांनी दाराशी टेकवलेल्या पिशवीकडे बघितलं.

"पिशवीत आहे का ती?"

पिशवीत दोन बाटल्या होत्या. एक तांबूसची आणि एक नेहमीच्या पिवळ्या बिअरची, त्याच सकाळी काकांनी 'ठीक' म्हटलेल्या टाकीतली. काकूंनी दोन ग्लास आणले, काकांनी ते स्वतः पुन्हा विसळले. उन्हं कलली होती आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर खिडकीचा एक तिरपा चौकोन पडला होता.

"आधी ही पिवळी," काका म्हणाले. "सवय होऊ दे. प्यायची नाही, नुसता वास. काय येतंय?"

"बिअर येतेय."

"ती सगळ्यांनाच येते. आत जा. आत काय आहे?"

"आत जा काय? गुहा आहे का ती?"

"गुहाच समज. दारात उभी राहू नकोस."

काकूंनी डोळे मिटले. कपडा हुंगतात तसं त्यांनी ग्लासावर नाक आडवं फिरवलं. "गवत आहे, वाळलेलं. पाव आहे, पांढरा." मग त्या जरा थांबल्या. "आणि लोणी. गरम पावावर लोणी लावलं की वितळताना येतो तो वास."

काका ताठ झाले. "नक्की?"

"लोण्याचा वास मला कळत नाही का?"

बिअरमध्ये लोण्याचा वास येणं म्हणजे ती अजून कच्ची असणं. यीस्टचं काम पुरं व्हायच्या आधीच ती थंड केली की असा वास मागे राहतो. नव्या पोरालासुद्धा कळेल अशी खोट, आणि काकांनी ती सकाळी 'ठीक' म्हणून सोडून दिली होती. काकूंनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि दुसरा ग्लास जवळ ओढला.

"ही तुमची तांबूस?"

"हं."

काकूंनी तो उजेडात धरला, काका धरत तसाच. मग हुंगला, आणि पुन्हा हुंगला. काका डोळे मिटून वाट बघत होते.

"खाकी कापडाला गरम इस्त्री फिरवली की येतो ना, तसा खमंगपणा आहे," काकू सांगू लागल्या. "खाली साखर. जळलेली नाही, जळायला आलेली. मनुका असाव्यात थोड्या. मग संत्र्याची साल, नखाने सोलताना उडते तशी." त्यांचा आवाज हळू होत गेला. आणि काकांच्या मिटल्या डोळ्यांपुढे एकेक गोष्ट उमटत गेली: इस्त्रीखालचं कापड, वाफ, ताटलीत ठेवलेली साल. वास आला का? कुणास ठाऊक. आल्यासारखं वाटत होतं, स्वप्नात वाटतं तसं. कुणी अंध माणसाला हात धरून त्याच्याच जुन्या घरातून फिरवावं, तसं त्यांना झालं.

"पण ही ती नाही," काकू म्हणाल्या.

काकांनी डोळे उघडले. "कोण ती?"

"तुमची तेव्हाची. लग्न झालं तेव्हा तुम्ही जी करायचात."

"तुला काय माहीत? तू कधी घोटसुद्धा घेतला नाहीस."

"घोट कशाला घ्यायला हवा? तुम्ही दारातून आत यायचात तेव्हा तुमच्या आधी ती आत यायची. स्वेटरला, मिशीला, उशीला. पहिलं वर्ष मी त्या वासात काढलंय. नवऱ्याची ओळख व्हायच्या आधी माझी तिच्याशी झाली." काकू जरा लाजल्यासारखं हसल्या. "हिच्यात काहीतरी टोचतंय. कोटाचं अस्तर आतून टोचतं तसं. तुमची टोचायची नाही."

काका बायकोकडे बघत राहिले. इतकी वर्षं एका छपराखाली काढली, आणि आपल्या हातून हरवलेली वस्तू हिच्याकडे सांभाळून ठेवलेली आहे, हे त्यांना आज कळत होतं.

सकाळी ते थेट भट्टीवर गेले. धाकटी शिडीवर चढून टाकीत डोकावत होती.

"कालची पिवळी बाहेर जाऊ देऊ नकोस," ते खालून म्हणाले. "लोणी आहे तिच्यात. थोडी उबेत ठेव, निघून जाईल."

"काल तर तुम्ही ठीक म्हणालात."

"मला वास येत नाही. पडसं झाल्यापासून."

धाकटी शिडीवरून उतरली. हात पुसले.

"त्याच दिवशी सांगायला हवं होतं, काका."

"हो."

"नुसतं हो म्हणू नका. मी तुमच्या भरवशावर टाक्या उघडतेय."

"म्हणूनच सांगता आलं नाही," काका म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की धाकटीला पुढे झुकावं लागलं. "खोली रिकामी करतो मी आज."

तिने पिवळ्या बिअरची टाकी थांबवली, दुपारपर्यंत सगळ्यांवर खेकसत राहिली. काका वर जाऊन ग्लास धुवत बसले. दुपारी ती वर आली, पुन्हा टेबलाच्या कडेवर बसली.

"लोणी कुणाला सापडलं?"

"तुझ्या काकूंना."

"आणि तांबूस?"

काकांनी सगळं सांगितलं. खाकी कापड, साखर, साल, टोचणारं अस्तर, उशी. उशीपर्यंत आल्यावर धाकटीच्या चेहऱ्यावरची आठी सैल झाली.

"खोली कुणी रिकामी करायची नाही," ती म्हणाली. "दुसरी खुर्ची आणते. काकूंना घेऊन या."

काकू आल्या त्या हातशिवणीची पिशवी घेऊन. रिकामं बसणं त्यांना जमत नसे. वरच्या खोलीत शिरल्या, चहूकडे बघितलं आणि म्हणाल्या, "इथे बसून तुम्हाला करमतं कसं? कशाचाच वास नाही."

"म्हणून तर," काका म्हणाले.

धाकटीने दुसरी तांबूस काढली होती. जव जरा कमी भाजून. काकूंनी हुंगली आणि मान हलवली. "टोचणं कमी झालं, पण त्याबरोबर बाकीचंही गेलं. सुरकुती काढता काढता कापडच विरलं."

"मग काय हवंय त्यात?" धाकटीने विचारलं.

"ते कसं सांगू?" काकू सुई हातात धरून विचार करत बसल्या. बाहेर ढग सरकत होते आणि खोलीतला उजेड कमीजास्त होत होता. "अक्रोड फोडला की आतल्या गरावर एक तपकिरी सालपट असतं बघा. पातळ, दातात अडकणारं. त्याचा वास असायचा तुमच्या स्वेटरला. भाजल्याचा नाही. भाजून, मग निवांत झाल्याचा."

निवांत. काकांनी तो शब्द तोंडात घोटासारखा फिरवला. डोळे मिटले. आणि त्यांना माळा दिसला. भट्टीच्या वरचा लांबलचक माळा, उतरतं छप्पर, फटींतून आलेल्या उन्हाच्या काठ्या, त्यांत तरंगणारी जवाची धूळ. गोणी रांगेने ठेवलेल्या, सगळ्यांची तोंडं उघडी. थोरले मास्तर हात मागे बांधून त्यांच्यामधून फिरतायत, दवाखान्यात डॉक्टर फिरावेत तसे. एका गोणीत हात घालतात, मूठभर जव नाकाशी नेतात, परत टाकतात. तरुण काका गोण उचलायला वाकलेत आणि मास्तर ओरडतायत.

"राग," काका डोळे मिटूनच म्हणाले.

"कुणाचा?" काकूंनी विचारलं.

"जवाचा. मास्तर म्हणायचे, भाजलेला जव रागात असतो. रागावलेल्या माणसाला कुणी आंघोळ घालतं का? मग याला का घालतोस? आधी राग उतरू दे." त्यांनी डोळे उघडले. "भाजला की लगेच दळून गरम पाण्यात घालायचा नाही. गोणी उघड्या ठेवून माळ्यावर पडू द्यायचा. बरेच दिवस. मी तेव्हा गोण उचलायला गेलो म्हणून बोलणी खाल्ली होती. हे मला आठवलंच नव्हतं कधी."

धाकटी कडेवरून उठली. "मी भाजल्याच्या दुसऱ्याच दिवशी दळते," ती स्वतःशीच म्हणाली, आणि जिन्यावरून धाडधाड खाली गेली.

मग जव राग उतरेपर्यंत माळ्यावर पडून राहिले. त्या दिवसांत काकू रोज दुपारी वर येऊ लागल्या. पिवळी बिअर हुंगायच्या, काका विचारत जायचे, मध्येच रफूची सुई चालायची. ओला पुठ्ठा आला की ती शिळी, उकडलेला मका आला की उकळी कमी पडली, असं काका त्यांना शिकवत होते. आणि काकू त्यांना अशा वासांची नावं सांगत होत्या, ज्यांना कारखान्यात कधी नाव नव्हतं. कधी दोघांचं वाजायचं. "हा हिरवा वास नाही, हा पोपटी आहे," काकू हट्टाने म्हणायच्या. काका म्हणायचे, "वासाला रंग नसतो." तरी मनात ते पोपटी रंग बघत असायचे.

नाक तसंच होतं. एकदोनदा जिन्यात काहीतरी झुळूक आल्यासारखी वाटली आणि काका कठडा धरून उभे राहिले. पण ती थांबली नाही.

तिसरी तांबूस तयार झाली तेव्हा धाकटीने ती स्वतः वर आणली. तिघांसाठी तीन ग्लास भरले. काका रंग बघत होते. तो तरी त्यांना पुरता दिसत होता. जुना मध. फेस काचेला धरून सावकाश उतरत होता, कुठलीच घाई नसल्यासारखा. काकूंनी तळहात ठेवला, ग्लास फिरवला, हात काढला.

मग त्यांनी हुंगलं.

धाकटीने काकांकडे बघितलं. काकांनी तिला हातानेच थांब म्हटलं. काकूंनी दुसऱ्यांदा हुंगलं नाही. ग्लास तसाच तोंडाजवळ धरून त्या समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत होत्या, आणि भिंतीवर काहीच नव्हतं. त्यांचा चेहरा मात्र बदलत होता. गालांवरची वर्षं सैल होत गेली. काकांना आठवलं, अशाच बघत असायच्या त्या दाराच्या चौकटीत उभ्या राहून, नव्या घरात, नव्या माणसाची वाट बघत. वाट बघतोय हे कुणाला कळू नये अशा बेताने. त्यांना एकही वास येत नव्हता. तरी तांबूस पुन्हा खोलीत आली आहे, याबद्दल त्यांच्या मनात शंका उरली नाही.

मग काकूंनी ग्लास ओठाला लावला आणि एक घोट घेतला. आयुष्यातला पहिला.

"कडू आहे," त्या म्हणाल्या, आणि पदराने डोळे टिपले. "पण आहे, तीच आहे."

धाकटीने हळूच ग्लास उचलला, प्यायली आणि खिडकीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. आजोबांची तांबूस तिने लहानपणी नुसती लांबून बघितली होती.

काकांनीही घोट घेतला. गोड. मग कडू. मधली सगळी जागा रिकामी. त्या रिकाम्या जागेत काकूंनी दिलेले शब्द एकेक करून येऊन बसले, आणि घोट संपला तरी ते तिथून उठले नाहीत.

तांबूस कारखान्याच्या दर्शनी दालनात पहिल्यांदा ओतली त्या दिवशी रविवार होता. लांब टेबलं, बाकडी, आजूबाजूच्या गल्ल्यांतली माणसं. काहींना आवडली, काहींना जड वाटली, आणि एकजण पिवळी नाही का म्हणून विचारत होता. धाकटी नळापाशी उभी राहून ओतत होती. काकू बायकांच्या घोळक्यात बसून कुणाच्या तरी बाहीचं भोक तपासत होत्या. घोटकाका मात्र एका जागी बसत नव्हते. ते हात मागे बांधून टेबलाटेबलामधून फिरत होते आणि कुणाच्या तरी खांद्याशी वाकून हळूच विचारत होते, "वास कसला येतोय?"

लोक आधी हसत. मग विचार करत. बस चालवणाऱ्या एका बाईंना तिच्यात सकाळच्या पहिल्या फेरीचं गरम होत आलेलं इंजिन सापडलं. गल्लीतल्या शिंप्याच्या म्हाताऱ्या भावाला बहिणीचा दागिन्यांचा लाकडी डबा. काका प्रत्येकाचं ऐकून घेत, मान डोलवत, पुढे जात. असं कुणा अनोळखी माणसाला विचारायची त्यांना आजवर कधी गरजच पडली नव्हती.

कोपऱ्यात एक गवंडी एकटाच बसला होता, नखांत चुना. त्याने ग्लासात नाक घालून बराच वेळ घेतला.

"शाळेतल्या बाकासारखा," तो शेवटी म्हणाला, जरा संकोचून.

"बसायच्या की लिहायच्या?" काकांनी विचारलं.

"लिहायच्या. डोकं टेकलं की यायचा तसा."

काकांनी बाकडं ओढलं आणि त्याच्या शेजारी बसले. "ऊन यायचं का त्याच्यावर?"

"दुपारनंतर यायचं," गवंडी म्हणाला, आणि त्याने पुन्हा ग्लासात नाक घातलं.